हैबतीबाबाची चोख वाटणी

“माझं चुकलं कुठं, बुवा? तेवढं सांगा.”

हैबती वाबळ्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. निंबगीर गोसावी चिलीम साफ करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

राणीचं राज्य नुकतंच लागलं होतं. त्या मुलखात हैबतीसारखी चोख वाटणी कुणी केली नाही, असं गाव म्हणे. गावाचं काय, फुकटात म्हणायचं तर गाव काहीही म्हणतं. पण हैबतीला ते खरं वाटलं, अन् तिथंच गडी फसला.

“केलीस कशी वाटणी?”

एवढ्या दुःखातही हैबतीची छाती टिचभर फुगली.

“निम्मी-निम्मी. रान दोरीनं मोजून. थोरल्या येसूला एक बैल, धाकट्या गेनूला एक. येसूला मोट, गेनूला ती ओढायचा नाडा. जात्याची खालची तळी थोरल्या सुनेला, वरची धाकटीला.”

बुवा खो खो हसले. हसता हसता ठसका लागला.

“अरे शहाण्या, मग दळतंय कोण?”

“शेजारणीच्या जात्यावर जातात. एक सकाळी, एक संध्याकाळी...”

“अन् मोट?”

हैबती मांडीवरचं पागोटं चाचपू लागला.

विहीर काठोकाठ भरलेली, अन् ऊस उभ्या उभ्या वाळत होता. एका बैलानं मोट चालत नाही, नाड्यावाचून तर मुळीच नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मागायचं कुणी कुणाकडं? हैबती थोरल्याच्या पाया पडला, धाकट्याच्याही पडला. दोघांचं उत्तर एकच.

“आबा, तुमची वाटणी म्हणजे देवाची करणी. तिला आम्ही कसा हात लावावा?”

“तुम्ही चला, बुवा,” हैबती काकुळतीला आला. “तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. ऊस गेला की त्यामागं आम्ही गेलो.”

“एवढं चिरून निम्मं कशाला केलंस रे?”

“भांडणाला भिऊन. माझा बाप अन् चुलता बांधावरून जन्मभर भांडले. एकदा चुलत्यानं बापाच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातला.”

“मग?”

“मग काय... रक्त थांबेना. चुलताच हळद दाबून बसला. बाप त्याला शिव्या देतोय, अन् हा रडतोय अन् दाबतोय.”

“अन् तुझी पोरं? भांडतात?”

“छे हो! तेवढं यश आलं. वाटणी झाल्यापासून दोघांत एक शब्द नाही.”

“शिवी?”

“नाही.”

“वाकडी नजर?”

“एकमेकांकडं बघतच नाहीत...”

बुवांचं हसू विझलं.

चिलीम तशीच खाली राहिली. ते उठले, रांजणातून तांब्या भरला, अन् अंगावरच्या कफनीसकट डोक्यावर ओतून घेतला.

हैबती दचकून उभा राहिला. मयताची खबर आली की माणूस असं पाणी घेतो.

“कोण गेलं, बुवा? अन् तुम्हां संन्याशाला कसलं सुतक?”

बुवांनी तांब्या पुन्हा भरला. हैबतीच्या हातात दिला.

“माझं सुतक लांबचं, एका तांब्यात फिटलं. घे तू... तुझं घरातलं आहे.”