खुडूक कवडी

कोंबड्यांना अजून कुणी कोंडून ठेवत नव्हतं, तेव्हाची गोष्ट. कवडी नावाची कोंबडी पाटीत अंड्यांवर बसली. पिल्लं निघाली, मोठी होऊन उकिरडा उकरायला लागली, तरी बाईसाहेब पाटीतून हलेनात. खुडूक कोंबडीला घरधनीण पाटीतच दाणे टाकायची, त्याची तिला चटक लागली होती.

तांबडा कोंबडा पार वैतागला. "अगं, खाली आता टरफलंसुद्धा उरली नाहीत! तुरा पांढराफटक पडलाय, पाय सुजलेत, दोन पावलं टाकली की धापा टाकतेस. ऊठ की जरा!"

"उद्या उठते रे," कवडी म्हणाली. "नुसतं बसून कुणी मेलंय का कधी?"

हे रोजचंच झालं. सांगून सांगून तांबड्याचं डोकं उठलं.

एका दुपारी कुंपणातून मुंगूस आत शिरलं. तांबडा ओरडला, तशी पिल्लं फडफडत भिंतीवर चढली. कवडीनेही पंख आपटले, जोर लावला, पण पाय काही तिचं अंग उचलेनात.

"ऊठ, बये, ऊठ!" तांबडा भिंतीवरून किंचाळला.

मुंगूस सावकाश पाटीकडे चालत निघालं. "कशाला घसा फोडतोस?" ते म्हणालं. "मी कुंपणाआडून रोज ऐकतो. ती उद्या उठणार आहे."