रायगोंडाचा खांदा

“मग झोप का येईना, वस्ताद?”

रायगोंडानं पुन्हा तेच विचारलं.

दस्तगीर वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या कट्ट्यावर बसून तांबडी माती बोटांनी चाळत होते. सकाळची मेहनत संपली होती. पैलवान जोडीजोडीनं बसून एकमेकांचं अंग तेलानं रगडत होते. तालमीचा हा रोजचा रिवाज. रगडून झालं की मेहनतीतली भांडणंसुद्धा विरून जायची. रायगोंडा तेवढा अंगात सदरा चढवून उभा होता.

“खातोस?”

“घास उतरत न्हाई. छातीत धडधडतं. काल आईवर वराडलो... उगंच.”

एवढा आडदांड गडी, पण आवाज रडवेला झाला होता. उद्या त्याची सर्जेरावशी कुस्ती होती. दोघंही याच तालमीचे. जो मारेल तो जत्रेच्या मैदानात तालमीकडून उतरणार होता.

“अंग कोण रगडतं तुझं?”

“घरी. माझं मीच.”

“पाठीला हात पोचतो?”

रायगोंडानं सदरा खाली ओढला.

“हितं कुणाला हात का लावू देत न्हाईस?”

“हाताला कळतं, वस्ताद.”

“काय कळतं?”

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. आवाज खाली आणला.

“उजवा खांदा. पावसाळ्यापासनं दुखतोय. ज्याला कळंल, त्यो तिथंच धरंल.”

भीती खोटी नव्हती. मातीत असं होतं. इथली माती उकरता उकरता मी पाहिलंय.

वस्ताद उठले. पैरण काढली आणि फळीवर पालथे झाले.

“रगड.”

“तुमाला?”

“हात लाव.”

रायगोंडानं तेल घेतलं. मानेपासून अंगठे दाबत खाली आला. कमरेच्या वर, डाव्या अंगाला, त्याचा हात थबकला. तिथं एक गाठ होती, आणि गाठीशेजारी खळगा. म्हाताऱ्यानं श्वास रोखून धरला होता.

“वस्ताद, हे...”

“जुनं हाय. तुझ्याएवढा होतो तवाचं.”

“कुणाला ठावं होतं?”

“ज्यानं ज्यानं रगडलं, त्याला.”

“म्हंजी सगळ्या तालमीला!”

“हां.”

“आन् कुणी धरलं न्हाई तिथं?”

“धरलं की. एकानं.”

“मग?”

“पडलो.”

रायगोंडाचे हात पाठीवर तसेच राहिले.

“दुसऱ्या दिशी काय केलंत?”

“तेलाची वाटी त्याच्याच हातात दिली.”

“का पर?”

“त्याचा हात चांगला होता.”

रायगोंडाला हसावं की काय करावं कळेना.

मग वस्ताद उठून बसले आणि त्यांनी पलीकडं बसलेल्या सर्जेरावला हाक मारली.

“ह्याचं अंग रगड.”

रायगोंडाचा चेहरा उतरला. त्यानं दाराकडं पाहिलं. निघून गेला असता तर कुणी अडवलं नसतं. उद्याची कुस्तीही कदाचित त्यानंच मारली असती. पण तो फार थकला होता. त्यानं सदऱ्याची बटणं काढली. मला त्याची दया आली.

तो पालथा झाला.

सर्जेराव तेल चोळू लागला. पाठ झाली, मान झाली. हात उजव्या खांद्याकडं सरकला तसा रायगोंडा ताठरला.

हात तिथं थांबला...

मग अंगठा हळूहळू कडेकडेनं फिरू लागला, तान्ह्या लेकराच्या अंगावर फिरवावा तसा.

रायगोंडाच्या तोंडून मोठा उसासा बाहेर पडला. डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यानं पुसलं नाही. थोड्या वेळानं तो घोरू लागला. एरवी टिंगल करायला टपलेले त्याचे सोबतीही हसले नाहीत.

सर्जेराव उठून वस्तादांजवळ आला. तेलकट पंजे अंगापासून लांब धरलेले.

“वस्ताद, ह्याचा खांदा...” त्यानं मागं वळून पाहिलं. “उद्या कुस्ती हाय आमची.”

वस्तादांनी झोपलेल्या रायगोंडावर त्याचाच सदरा पांघरला.

“व्हय,” ते म्हणाले. “आज रातीला तुला झोप येणार न्हाई.”