मोकळी कड

त्या राज्यात तोंडी बोललेले कुणी खरे मानत नसे. जे सांगायचे ते पानावर लिहून पाठवायचे, आणि प्रत्येक पान आधी पानशाळेतून जायचे. तिथे ओळी नीट बसवल्या जात, लांब मजकुराची दोन-तीन पाने करून ती एकामागे एक लावली जात, मग बगळे ती घेऊन उडत.

पत्र लिहिण्याची तिथली रीतही जगावेगळी होती. आधी कागाळी, मग खरडपट्टी, आणि माया अगदी शेवटच्या पानावर, दारातून निघता निघता मागे वळून बोलल्यासारखी. आधीच माया लिहिणाऱ्याला काहीतरी हवे असणार, असे समजले जाई.

ही पानशाळा चाळीस पावसाळे एका शिंपी पक्ष्याच्या चोचीवर चालली होती. त्याला सगळे आबा म्हणत. आबांच्या टाक्यांचे सतरा प्रकार होते. एक टाका पान उलटे धरून वाचणाऱ्या एका बगळ्यासाठी होता. बगळा मरून अकरा वर्षे झाली, टाका चालूच होता. उत्तर पाठवताना समोरच्याचा मजकूर पुन्हा उतरवायचा आणि त्याच्या प्रत्येक ओळीपुढे एक टोचा मारायचा, हाही आबांचाच नियम. दोन कावळ्यांचे भांडण इतके लांबले की शेवटी पानावर नुसते टोचेच उरले, शब्दाला जागाच राहिली नाही. कावळ्यांचे काही अडले नाही. भांडण तसेच पुढे चालले.

आबांच्या हाताखाली तुरतुरी नावाची खार होती. तिची आई घारीने नेली तेव्हा आबांनीच दोन पाने शिवून त्या खोळीत तिला वाढवले होते. तिचे दात धारदार, नजर त्याहून. मोठी झाल्यावर तिने पानशाळेचा पसारा आवरायला घेतला. प्रत्येक टाक्यापाशी थांबून ती विचारी, हा कशासाठी? आबा कुरकुरत सांगत, आणि सांगता सांगता त्यांनाच कळे की याचे आता काही काम उरलेले नाही. असे करत सतराचे तीन टाके झाले. आबांना मनातून ते फार आवडले. तोंडाने ते एवढेच म्हणाले, की उद्या उसवले तर माझ्याकडे रडत येऊ नकोस.

मग पाळी आली मोकळ्या कडेची. काही पानांच्या शेवटी आबा बोटभर जागा कोरी सोडत, काहींच्या सोडत नसत. तुरतुरीने साऱ्या पानशाळेदेखत विचारले, "आबा, ही जागा कशाला?"

आबांनी ते पान आपल्याकडे ओढून घेतले. "राहू दे ती."

"पण कशाला?"

"चोच आपोआप सोडते. मी बघतसुद्धा नाही." मग आवाज खाली आला. "आठवत नाही गं."

दोन साळुंक्या फिसकन हसल्या. तुरतुरी हसली नाही, पण थांबलीही नाही. जिथे काही लिहिलेलेच नाही, ते कापल्याने काय जाणार? संध्याकाळपर्यंत सगळ्या पानांच्या कडा एका रेषेत आल्या. दुसऱ्या दिवशी आबा कुणाला न सांगता लांबच्या दलदलीकडे निघून गेले.

आता, त्या राज्यात प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी एक बेडूक बसलेला असे. आलेले पत्र वर पोचते करणे हे त्याचे काम. बेडकांना अक्षर येत नव्हते. ते पानाच्या कडेवरून जीभ फिरवत. कड कोरी लागली की समजायचे, मागे आणखी पान आहे, तेही द्या. कोरी नसली की पत्र संपले. मागची पाने मग कुणाचीच नाहीत, ढिगात टाका, ज्याला हवी त्याने घरट्याला न्यावीत. कधीकाळी कुणीतरी लावून दिलेले हे वळण बेडकांनी कुणाला सांगितले नव्हते, कारण बेडकांना कधी कुणी काही विचारलेच नव्हते.

त्या दिवसापासून राज्यात फक्त पहिले पान पोचू लागले. सगळ्यांना खरडपट्टी मिळे आणि वाटे, या खेपेला माया लिहायची राहिली नाही, संपलीच. मग उत्तर त्याहून कडवट जाई. बहिणी बहिणींना विसरल्या. पत्रे मात्र दुप्पट झाली, आणि पानशाळेचे कौतुकही. त्या हिवाळ्यात घरटी कधी नव्हती एवढी मऊ आणि उबदार झाली.

तुरतुरीलाही एक पत्र आले. अक्षर आबांचे. 'चार लोकांत मला म्हातारा केलास. ज्या चोचीने तुला शिवून ठेवले तिलाच जाब विचारलास.' एवढेच. ती दुसऱ्या पानाची वाट बघत बेडकापाशी दोन दिवस बसली. बेडूक म्हणाला, "संपलंय ते, बाई." तिने उत्तर लिहिले नाही.

पुढचे पत्र दलदलीतल्या एका टिटवीचे होते. मरणाची बातमी एका पानात मावते. ती पोचली.

उन्हाळा लागला तेव्हा तुरतुरीने घरटे उन्हात घालायला काढले. अगदी तळाशी, जिथे ती हिवाळाभर गाल टेकून निजली होती, तिथे ते पान होते.

'पोरी, आत्ता आठवले. ती जागा वाचणाऱ्यासाठी नव्हतीच. बुंध्याशी बसतो ना, त्याला कळावे की मागे अजून आहे, त्यासाठी होती. तेवढी पुन्हा सोडत जा. बाकी सगळे तू नीट केलेस. माझ्याकडून झाले नसते. इकडे जांभळीवर एक खोळ शिवली आहे, तुझ्या मापाची. येऊन जा.'

मजकूर पानाच्या शेवटापर्यंत आला होता. तुरतुरीने पान उलटून पाहिले. मग मागे अजून एखादे पान असेल म्हणून घरटे उसवायला घेतले. एकेक पान निघत गेले, सगळी मायेचीच, पण परक्यांच्या अक्षरात. दुपारपर्यंत फांदीवर घरटे उरले नाही.

तेव्हा ती आबांचे पान घेऊन बुंध्याशी उतरली, बेडकाशेजारी बसली, आणि डोळे मिटून पानाच्या कडेवरून जीभ फिरवू लागली. कड गुळगुळीत होती, मागे आणखी होते की नाही ते सांगत नव्हती. इतके सरळ कापणारे दात राज्यात एकाच तोंडात होते.