पंख न फुटलेली पिल्लं

फार जुनी गोष्ट. साळुंक्यांचा थवा माळ सोडून पपईच्या बागेत राहायला आला. थोरल्यांनी नियम घातला: पिल्लांना पिकली पपईच भरवायची, अळ्या म्हणजे दरिद्र्याचं खाणं. का, हे कुणी विचारायचं नाही.

तरुण चिंगीने नियम पाळला. तिच्या पिल्लांची पोटं टम्म भरली, पण पंख फुटेनात. एकेक करत पिल्लं मरू लागली. उरलेल्या एकासाठी तिने अळी आणली.

"शी! शोभतं का गं आपल्याला हे?" थव्यातल्या म्हाताऱ्या आत्याबाई कडाडल्या. "पपईने पोट भरत नाही होय?"

"पोट भरतं, आत्याबाई, अंग भरत नाही. तुम्हाला पंख फुटले ते माळावर, अळ्या खाऊन. ह्याला मी पपई भरवणार नाही."

आत्याबाईंनी थोरल्यांकडे पाहिलं. तोवर चिंगीने अळी पिल्लाच्या चोचीत घातली होती.