स्वतःच्याच घराचं भाडं

दिवाणजींचा कारकून आला तेव्हा चिमाबाई बुरडीण अंगणात सूप विणत बसली होती. शेजारी बांबूच्या ओल्या कामट्यांचा ढीग, पायाच्या बोटात एक कामटी धरलेली. रोजच्यासारखाच दिवस.

"चिमाबाई, घर तुमचं स्वतःचं?"

"माझंच. नवऱ्यानं बांधलं."

"राहतात किती जण?"

चिमाबाईचा हात थांबला. "एक," ती म्हणाली. असं मोजून कुणाला सांगायची तिची ही पहिलीच वेळ.

"आणि भाडं किती देता?"

"स्वतःच्या घराचं भाडं? कुणाला देऊ, चुलीला?"

कारकून खूश झाला. "वा! म्हणजे तुमचं उत्पन्न वर्षाला बारा रुपयांनी वाढलं!"

नवा हुकूमच तसा निघाला होता. तांबूळगडच्या राजाला माणशी उत्पन्नावर कर हवा होता आणि उत्पन्न कशाला म्हणायचं ते दिवाणजींनी ठरवलं होतं. दुसऱ्याच्या घरात राहिलं तर भाडं द्यावं लागतं. स्वतःच्या घरात ते वाचतं. वाचलं म्हणजे मिळालं, आणि मिळालं म्हणजे उत्पन्न! चिमाबाईवर तीन रुपये कर बसला. आठ दिवसांत भरला नाही तर घर जप्त. सुपं-टोपल्या विकून तिचं कसंबसं पोट भरायचं. तीन रुपये आणणार कुठून?

आठव्या दिवशी चिमाबाई रिकाम्या हातानं दरबारात उभी राहिली.

"कर आणलास का?" दिवाणजी गरजले.

"भरते की! पण महाराज, आधी माझी फिर्याद ऐका. माझ्या घरात एक भाडेकरीण राहते. वर्षाचे बारा रुपये थकवलेत तिनं! तेवढे वसूल करून द्या, त्यातले तीन इथल्या इथे मोजते."

"कोण ही लबाड बाई?" राजा म्हणाला. "उभी करा तिला!"

"इथेच आहे, महाराज."

चिमाबाई दोन पावलं डावीकडे सरकली, पदर कपाळापर्यंत ओढला आणि मान खाली घालून उभी राहिली. राजानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा ती आधी उभी होती त्या जागेकडे पाहिलं. त्याच्या मिशा थरथरल्या.

"का गं, भाडं का देत नाहीस?"

"कशाला देऊ, महाराज? छप्पर गळतंय! मालकिणीला सांगून सांगून तोंड दुखलं. ऐकेल तर शपथ!"

"काय गं मालकिणी, छप्पर का नीट करत नाहीस?"

चिमाबाई टुणकन उजवीकडे आली. पदर खांद्यावर, हात कमरेवर! "कशाच्या जिवावर करू? ही टवळी भाडं देईल तेव्हा ना!"

पुन्हा डावीकडे. "टवळी कुणाला म्हणतेस गं?"

"तुलाच! दुसरं कोण आहे घरात?"

दरबार खो-खो हसू लागला. दिवाणजी लालबुंद झाले. "हाकलून दे त्या भाडेकरणीला!"

"हाकलते, दिवाणजी. पण मग मी निजू कुठे? आम्हा दोघींत अंथरूण एकच आहे."

आता मात्र दिवाणजींना राहवेना. ते ताडकन उठले. "महाराज, ही शुद्ध थट्टा आहे! कुठली मालकीण आणि कुठली भाडेकरीण! बाई एकच आहे! स्वतःचं भाडं स्वतःला कोण देतं?"

चिमाबाईनं पदर सारखा केला आणि ती मधोमध येऊन उभी राहिली.

"कोणी देत नाही, दिवाणजी. मग मला मिळालेले ते बारा रुपये दिले कोणी?"

दिवाणजी स्वतःच्याच हुकुमाचा कागद उलटसुलट करून पाहू लागले.

राजा इतका हसला, इतका हसला, की पगडी सावरायला हुजऱ्याला धावावं लागलं! "बोला, दिवाणजी, बोला! अहो, भाडेकरीण समोर उभी आहे, विचारा तिला!" त्यानं डोळे पुसले. "घराचा हा कर सगळ्यांनाच माफ! आणि मालकिणीच्या छपरासाठी सरकारातून गाडीभर कौलं द्या. भाडेकरणीची तक्रार खरी आहे!"

"महाराज," दिवाणजी हळूच पुटपुटले, "ती कौलं हिच्या उत्पन्नात धरायची का?"

राजाला पुन्हा हसू फुटलं. "तुम्हीच ठरवा! उत्पन्न म्हणजे काय, ते नव्यानं लिहून काढा. आणि मला दाखवायच्या आधी या बाईंना वाचून दाखवा!"

कौलं दुसऱ्याच दिवशी आली. दिवाणजींचं लिहून व्हायचं अजून बाकी आहे.