माडाचं गाऱ्हाणं

मानाजी महाराजांच्या बागेतला माड पिवळा पडला! खालच्या झावळ्या पिवळ्या, मधल्या पिवळ्या, आता तर शेंड्याकडचीही रया गेलेली. भिवा माळ्याचं जेवणावरचं लक्ष उडालं.

माड साधासुधा नव्हता. महाराज गादीवर बसले त्या दिवशी तो लावलेला. म्हणून दरबारातला प्रत्येक मानकरी रोज सकाळी त्याच्या बुंध्याशी तांब्याभर पाणी ओतायचा. मानकरी चाळीस. त्यातले काही तर दोन-दोन तांबे ओतायचे, शेजारच्यापेक्षा आपली निष्ठा कमी दिसू नये म्हणून!

भिवाची लेक सगुणा माहेरपणाला आली होती. तिचं सासर कोकणात, माडांच्या वाडीत. तिनं बुंध्याशी बोट खुपसलं, तर नुसता चिखल. वासही कुबट!

"बाबा, मुळं कुजताहेत. पाणी थांबवा."

"मी थांबवू? मानकऱ्यांचा हात धरू?"

तेवढ्यात महाराजच आले, मागोमाग दिवाण आबाजीपंत.

"भिवा, माझा माड का सुकतोय?"

"पाणी कमी पडत असेल, महाराज," दिवाणच पुढे झाले. "उद्यापासून तांब्याऐवजी घागरी आणू!"

सगुणाला राहवलं नाही. "नको, महाराज! त्याला पाणीच जास्त झालंय."

"माझ्या माडाला पाणी जास्त? तुला काय त्यानं येऊन सांगितलं?"

"रोज सांगतोय, महाराज."

"असं? मग मलाही ऐकव! उद्या सूर्य मावळायच्या आत माडाचं गाऱ्हाणं माझ्या कानावर आलं पाहिजे. नाही आलं, तर तुझ्या बापानं बाग सोडून चालू लागायचं!"

भिवानं महाराजांचे पाय धरले. तीस वर्षांची बाग त्याची! सगुणानं मात्र पदर खोचला.

"ऐकवते, महाराज. उद्या आपण माडाखाली जेवायला बसा. चाळीसही मानकऱ्यांनी एकेक वाटी बासुंदी वाढायची. पण माडाचं बोलणं कळायचं तर माडासारखं बसावं लागतं. नको म्हणायचं नाही, हात आडवा करायचा नाही, येईल ते पोटात घालायचं!"

"एवढंच? बासुंदी तर माझी आवडती!"

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. पहिल्या वाटीला महाराजांनी मिटक्या मारल्या. चौथीला मिशा पुसल्या. सातवीला डोळे मिटले. मानकरी मात्र रांगेत एकमेकांना ढकलत होते.

"महाराज, माझ्या हातची घ्याच!"

"यांची घेतली, मग माझ्यावर का राग?"

अकराव्या वाटीला महाराजांना दरदरून घाम फुटला. चेहरा फिकट पिवळा झाला. बाराव्या वाटीला ते ताडकन उठले.

"पुरे! जीव घेता का माझा?"

सगुणानं हात जोडले. "ऐकलंत, महाराज? हेच माडाचं गाऱ्हाणं! आपल्याला उठून ओरडता आलं. त्याला पिवळं पडूनच सांगावं लागतं."

मग महाराज पोट धरून असे हसले, की माडावरचे कावळे उडाले!

आबाजीपंत वाटी घेऊन तसेच उभे होते. "महाराज, माझी राहिली..."

"ती तुम्हीच प्या, पंत! आणि सगुणा, आता उपाय सांग."

"बुंध्यापासून चर खणून साचलेलं पाणी काढायचं. माती वाळेपर्यंत थेंबही नको. मग कुजलेलं शेणखत आणि चुलीतली थोडी राख घालायची. पिवळ्या झावळ्या ओढून तोडू नका, पूर्ण वाळल्यावरच काढा. त्या काही परत हिरव्या होणार नाहीत. पण मुळं सावरली, की नव्या येतील त्या हिरव्यागार!"

महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या ओंजळीत ठेवलं. मग भिवाला जवळ घेतलं.

"भिवा, ही बाग आता कायमची तुझ्या हुकमात. इथं तांब्या घेऊन येणाऱ्यानं आधी तुला विचारायचं. मीसुद्धा!"