खारीने पुसलेली ओळ

एका जंगलात, ऐनाच्या उंच झाडावर, एक खार राहत असे. त्या जंगलात पाणवठा एकच होता आणि उन्हाळ्यात तेथे फार रेटारेटी होई. म्हणून कोणी केव्हा पाणी प्यावे, याच्या पाळ्या रोज एक संगणक ठरवून देत असे. मुलांनो, त्या संगणकाचा प्रोग्रॅम काही लहानसहान नव्हता. दोनशे प्राण्यांनी मिळून तो लिहिला होता आणि ज्याने त्याने आपापली फाइल सांभाळायची होती. दुसऱ्यांच्या उपयोगासाठी लिहिलेल्या फाइलीला तेथे हेडर म्हणत. आपल्याला जी हेडरे लागतात, त्यांची नावे आपल्या फाइलीच्या माथ्यावर लिहायची, की ती मागवली जात. मग कंपायलर नावाचे यंत्र सारे वरून खाली वाचत जाई आणि ओळख करून न दिलेला शब्द आला की तेथेच अडून बसे. वृद्ध कासवाने आरंभीच सांगून ठेवले होते, "जे वापराल ते स्वतः मागवा. जे वापरत नाही ते मागवू नका."

खार 'सावली' नावाचे हेडर सांभाळी. पाणवठ्यावर सावली केव्हा कोठे पडेल, ते त्यात असे. पूर्वी त्यासाठी तिला 'घड्याळ' हे हेडर लागत होते. आता सूर्याची उंची मोजूनच तिचे काम भागू लागले होते. म्हणून एका सकाळी तिने माथ्यावरची 'घड्याळ' ही ओळ पुसली आणि समाधानाने शेपूट फुलवली. तोच यंत्राने लाल अक्षरांत विचारले, "घड्याळ म्हणजे काय?" पाठोपाठ तोच प्रश्न आणखी तीस वेळा उमटला. अडले होते ते खारीच्या फाइलीत नव्हे, तर कोल्ह्याच्या 'पाळ्या' या फाइलीत.

कोल्हा धापा टाकत आला. "अहो खारूताई, हे काय करून बसलात? काल सगळं सुरळीत होतं!"

"कोल्होबा, घड्याळ तुम्ही वापरता ना? मग ते मागवलं का नाहीत?"

"कशाला मागवू? तुमची 'सावली' मागवली की तिच्या मागून घड्याळ आपसूक येत होतं. तेवढीच एक ओळ लिहायची वाचली!"

आरडाओरडा ऐकून त्या कामाचे प्रमुख अस्वल तेथे आले. उन्हाने त्याचा घसा कोरडा पडला होता. "मला कारणं नकोत," ते गुरगुरले. "खारीने हात लावला आणि काम मोडलं. ती ओळ परत घाल आणि विषय संपव. मावळतीपर्यंत पाळ्या लागल्या नाहीत, तर उद्यापासून संगणकाजवळ फिरकायचं नाही."

त्या कामाइतके प्रिय खारीला दुसरे काही नव्हते, आणि ओळ परत घालणे तर चुटकीसरशी होण्याजोगे. पण ती थबकली. उद्या कोणी ती फाइल वाचली, तर सावलीला घड्याळ लागते असाच त्याचा समज होणार. शिवाय कोल्ह्याचा भार तिच्या फांदीवर तसाच राहणार आणि ती फांदी छाटण्याची मोकळीक तिला कधीच मिळणार नाही.

"अस्वलमामा, हवी तर घालते," ती धीर करून म्हणाली. "पण आधी आम्हा दोघांच्या फाइली वेगवेगळ्या वाचून घ्या. माथ्यावर जे मागवलंय तेवढंच यंत्राला द्या. ज्याची फाइल अडेल, त्याने ओळ लिहावी."

यंत्राने 'सावली' एका दमात वाचून काढली. 'पाळ्या' मात्र चौथ्याच ओळीला अडली. "घड्याळ म्हणजे काय?"

"सांगा की त्याला, कोल्होबा!" माकड वरच्या फांदीवरून ओरडले. "बिचारं सकाळपासून विचारतंय!"

सारे खो खो हसले. अस्वलाने कान खाजवला. "खारूताई, मी उगाच तुझ्यावर डाफरलो. कोल्होबा, ओळ तुम्ही लिहा."

कोल्हा ओशाळला. पुन्हा आपले हसे नको, म्हणून त्याने एका हेडराऐवजी जंगलातली झाडून सारी हेडरे मागवली. यंत्र वाचू लागले. ऊन कलले, तरी ते वाचतच होते. कासव हळूहळू पाणवठ्यावर गेले, पाठ भिजवून हळूहळू परतले आणि मान उंचावून म्हणाले, "मी जाऊन आलो की हो! यंत्र अजून साळिंदराच्या 'काटे' या हेडरापाशीच? पाळ्या लावायला काटे कशाला लागतात, कोल्होबा?"

"असावेत म्हटलं जवळ," कोल्हा पुटपुटला.

"बसा मग काटे मोजत!" माकड म्हणाले. "मामांच्या घशाला कोरड पडलीये."

कोल्ह्याने निमूटपणे एकेक नाव खोडले. शेवटी 'सावली' आणि 'घड्याळ' ही दोनच उरली. सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकतो न टेकतो, तोच यंत्राचे काम पुरे झाले आणि पाळ्या लागल्या. अस्वल पोटभर पाणी प्यायले. मग त्याने फर्मान काढले, की प्रत्येकाने आपली फाइल अशीच वेगळी वाचून घ्यावी. त्यात कोल्ह्यासारखे आणखी अकराजण सापडले. पहिले होते ते माकड!

आठ दिवसांनी खारीने आपल्या फाइलीतून आणखी एक नको असलेली ओळ पुसली आणि श्वास रोखून वाट पाहिली. यंत्राने चकार शब्द काढला नाही. खारीने शेपूट फुलवली आणि ती टुणकन फांदीवर चढली.

तात्पर्य : ज्याच्या आधाराने आपले काम चालते, त्याचे नाव आपण आपल्या हाताने लिहावे. दुसऱ्याच्या मागून आयते आलेले न सांगता निघून जाते आणि भीतीपोटी गोळा केलेले नुसते ओझे होते.